हळदीच्या बातमीची राखण

पीक उभें असतांना त्याची राखण करावी लागते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. माळ्यावर बसून गोफण फिरविणारें माणूस नसेल, तर ज्वारीचें कणीस पांखरांच्या पोटांत जातें. परंतु पीक घरांत आल्यावर, आणि कित्येकदां तें लावण्याच्या आधींही, दुसऱ्या एका गोष्टीची राखण ठेवावी लागते. तिकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे बातमी. भाव चढणार कीं उतरणार, दुसऱ्या प्रांतांत लागवड किती झाली, नवा रोग कोठें दिसला, सरकारनें कोणत्या बाबतींत हरकती मागविल्या व त्यांची मुदत कधीं संपते, या बातम्या पांखरांसारख्याच येतात आणि उडून जातात. त्या हेरून ठेवण्याची एक बिनखर्चाची सोय, ज्याच्या हातीं मोबाईल आहे त्याला आज उपलब्ध आहे. वाई व आसपासच्या बागायतदार बंधूंस तिचा परिचय करून द्यावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमची चूक

प्रथम आमची चूक सांगतों. सन २०२३ च्या चैत्रांत आम्हीं आमची सर्व हळद सांगलीस नेऊन विकली. भाव क्विंटलला सात हजारांच्या आंतबाहेर होता. पीककर्ज भरावयाचें होतें, घरीं साठवणीस जागा थोडी होती, आणि मागील कांहीं वर्षांचे भाव पाहतां यापेक्षां अधिक मिळेल अशी आशा नव्हती. त्या वर्षीं श्रावण अधिक आला होता. तो अधिक मास संपेपर्यंत हळदीचा भाव दुपटीवर गेला!

शेजारच्या गांवच्या आमच्या एका स्नेह्यांनीं मात्र निम्माच माल विकून कर्ज भागविलें होतें व निम्मा राखून ठेविला होता. “आपणांस कोणी ज्योतिषी भेटला होता काय?” असें आम्हीं थट्टेनें विचारलें. त्यांनीं खिशांतून मोबाईल काढून आमच्यापुढें धरला. फाल्गुनापासून दररोज सकाळीं त्यांस एक टपाल येत होतें. त्यांत मार्चमधील अवकाळी पावसानें वाळत घातलेली हळद भिजल्याच्या बातम्या होत्या. पुढें मराठवाड्यांत व तेलंगणांत शेतकरी हळद सोडून दुसऱ्या पिकांकडे वळत असल्याच्या बातम्या होत्या. एकेक बातमी लहान होती. पण ओळीनें वाचणाऱ्यास पुढें माल कमी येणार असा अंदाज बांधतां येत होता. अंदाज चुकला असता तरी निम्माच माल अडकून पडला असता, हा त्यांचा हिशेब. आमच्यापाशीं अंदाजही नव्हता आणि हिशेबही नव्हता. कारण बातमीच नव्हती.

ही सोय कोणती

या सोयीस ‘गूगल अलर्ट’ असें म्हणतात. गूगल हें शोधयंत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. तेथें आपण शब्द लिहितों आणि तो शब्द ज्या पानांवर आहे तीं पानें यंत्र दाखवितें. परंतु त्यासाठीं दररोज आपण होऊन विचारावें लागतें, आणि पेरणी-भांगलणीच्या दिवसांत तें कोणाच्यानें होत नाहीं. अलर्टमध्यें हा क्रम उलटा होतो. शब्द एकदांच नोंदवून ठेवावयाचा; पुढें त्या शब्दाचें नवें पान कोठें प्रसिद्ध होऊन यंत्राच्या नजरेस आलें, कीं त्याचा मथळा व दुवा आपल्या ई-मेलवर आपोआप येतो. यास पैसा पडत नाहीं. सन २००३ मध्यें ही सोय सुरू झाली. ती बनविणारे अभियंता नागा कटारू हे आंध्रांतील खेड्यांत वाढलेले गृहस्थ होत. गूगलची नोकरी सोडल्यावर त्यांनीं कॅलिफोर्नियांत बदाम व जर्दाळू यांची बाग घेऊन शेती केली. बातमीचा राखणदार घडविणारा माणूस अखेर शेताच्या बांधावर आला, हें आपल्या वाचकांस खचित आवडेल.

कल्पना म्हटली तर जुनीच आहे. वाईपासून कोसभर अंतरावर, मेणवलीस, कृष्णेच्या कांठीं नाना फडणिसांचा वाडा आहे. पुण्यांत बसून दिल्ली, हैदराबाद व श्रीरंगपट्टण येथील हालचाली नानांस कळत, त्या त्या दरबारांतील वकिलांच्या व बातमीदारांच्या पत्रांमुळें. मेणवलीच्या दप्तराचें नांव इतिहाससंशोधकांत सर्वश्रुत आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत व अमेरिकेंत वर्तमानपत्रांचीं कात्रणें काढून गिऱ्हाइकांस पाठविणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. जें काम पूर्वीं राज्याच्या खजिन्यावर चाले, आणि नंतर धनिक व्यापाऱ्यांस परवडे, तें आज चार एकरांच्या बागायतदारासही विनामूल्य करून घेतां येतें.

लक्ष नसल्यास काय होतें

बातमीची राखण न ठेवल्यानें केवळ भावच जातो असें नाहीं. सन १९९५ च्या मार्चांत अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें, जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग करण्याबद्दल, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट दिलें. पाय कापला कीं हळद दाबावी, हें आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. तीच गोष्ट तेथें नवा शोध म्हणून नोंदली गेली. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनें १९९६ सालीं हरकत घेतली, जुन्या ग्रंथांतून व लेखांतून ३२ आधार काढून पुढें ठेविले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द करविलें. पुढें २००१ पासून आपल्या पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संग्रह तयार करण्यास आरंभ झाला. पेटंट तपासणाऱ्यांस तो पाहतां यावा, म्हणजे असा दावा आधींच अडावा, हा त्याचा उद्देश. घाव बसल्यावर मलमपट्टी करण्यापेक्षां नजर ठेवणें स्वस्त पडतें, हा या प्रकरणाचा आपणांस धडा आहे.

नोंद कशी करावी

नोंद करण्याची रीत सोपी आहे. आपल्या ई-मेलच्या नांवानें अलर्टच्या पानावर जावें व वरील चौकटींत शब्द लिहावा. खालीं कांहीं प्रश्न असतात. टपाल किती वेळां पाठवावें, असा एक प्रश्न आहे. त्यांत बातमी दिसतांच, दिवसांतून एकदां, किंवा आठवड्यांतून एकदां असे पर्याय आहेत. आमच्या मतें भावासाठीं दिवसांतून एकदां व इतर विषयांसाठीं आठवड्यांतून एकदां हें प्रमाण पुरें होतें. बातमी दिसतांच कळवावी असें मागितल्यास दिवसभर मोबाईल वाजत राहतो, आणि चार दिवसांनीं मनुष्य त्रासून तो प्रकारच बंद करतो. भाषेच्या प्रश्नास ‘कोणतीही’ असें उत्तर द्यावें. शब्द मराठी असला कीं पानेंही बहुधा मराठीच येतात. सर्व पानें हवींत कीं निवडक, असेंही विचारतात. आरंभीं निवडक घ्यावींत. टपाल फारच तुरळक येऊं लागल्यास मग सर्व मागवावींत.

शब्दाची निवड

खरें कौशल्य शब्द निवडण्यांत आहे. बियाणें जसें निवडून घ्यावें लागतें तसाच शब्दही निवडून घ्यावा लागतो, नाहीं तर तणच फार उगवतें. आम्हीं प्रथम मोठ्या हौसेनें ‘वाई’ एवढाच शब्द नोंदविला. दुसऱ्या दिवशीं जें टपाल आलें त्यांत वाई कमी आणि ‘वाई-फाई’च अधिक! बिनतारी इंटरनेटला आपण ‘वाय-फाय’ लिहितों; पण हिंदी पत्रांत तो ‘वाई-फाई’ होतो, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. मग ‘हळद’ हा शब्द दिला. तेव्हां सिनेमांतील नटनट्यांच्या लग्नांत हळद कशी लागली, नवरीनें कोणतें पातळ नेसलें होतें, याच्या सविस्तर वर्णनांचा पाऊस पडला. शेवटीं ‘वाई हळद’ असे दोन्ही शब्द एकत्र दिले, तर अधूनमधून वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीच्या बातम्या येऊं लागल्या. ती हळद प्रसिद्ध आहे व २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. पण आमचें काम सांगलीच्या पेठेशीं. सांगलीच्या हळदीस तें मानांकन २०१८ सालीं मिळालें.

या अनुभवावरून जे नियम आम्हांस उपयोगी ठरले ते पुढें देतों.

१. दोन-तीन शब्द नेमक्या क्रमानें हवे असल्यास ते अवतरणचिन्हांत घालावे. ‘सांगली बाजार समिती’ हे तीन शब्द असे बांधून दिले म्हणजे सांगलीच्या नाटकांच्या व क्रिकेटच्या बातम्या येत नाहींत.

२. जो शब्द नको असेल त्याच्या आधीं, मध्यें जागा न सोडतां, वजाबाकीची खूण द्यावी. हळद लिहून पुढें लग्न, अभिनेत्री व सौंदर्य हे शब्द वजा केले, तेव्हां आमचें टपाल पुष्कळच निवळलें.

३. आपल्या भाषेंत विभक्तीनें शब्दाचें रूप बदलतें. ‘हळद’ या शब्दाबरोबर ‘हळदीचा’, ‘हळदीला’, ‘हळदीच्या’ हीं रूपें यंत्रास नेहमीं कळतातच असें नाहीं. म्हणून मुख्य रूपें लिहून त्यांच्या मध्यें इंग्रजींतील ‘ऑर’ हा शब्द मोठ्या अक्षरांत घालावा. म्हणजे यांपैकीं कोणतेंही चालेल असा अर्थ होतो. ‘वाई’, ‘वाईत’, ‘वाईतील’, ‘वाईच्या’ यांचेंही तसेंच.

४. आमच्या मासिकांत जुन्या वळणाचे अनुस्वार चालतात. पण यंत्रापुढें ते देऊं नयेत. हल्लींचीं वर्तमानपत्रें १९६२ च्या नियमांप्रमाणें लिहितात. ‘हळदीचें’ असा शब्द नोंदवून वाट पाहणारा मनुष्य वाटच पाहत बसेल.

५. प्रतिस्पर्धी मुलखाची खबर तेथल्याच भाषेंत आधीं फुटते. निजामाबादची हळद तेलुगूंत ‘पसुपु’ होते, इरोडची तामीळमध्यें ‘मंजळ’, आणि कर्नाटकांत ‘अरिशिन’. हे शब्द त्या त्या लिपींत नोंदवावे. आलेलें पान मोबाईलच मोडक्यातोडक्या भाषांतरानें वाचून दाखवितो, आणि लागवड वाढली कीं घटली एवढें कळण्यास तेवढें पुरतें. १४ जानेवारी २०२५ रोजीं, म्हणजे ऐन संक्रांतीस, निजामाबादेस मुख्य कचेरी असलेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचें उद्घाटन झालें. तेव्हांपासून त्या गांवचें नांव आमच्या यादींत वर चढलें आहे.

६. रोग व नव्या जाती यांसाठीं शास्त्रीय नांव द्यावें. हळदीस शास्त्रज्ञ ‘कुर्कुमा लाँगा’ म्हणतात. हें नांव रोमन लिपींत दिल्यास संशोधनाचीं पानें येतात. अशीं नांवें कोठें शोधावींत, हा प्रश्न वाईकरांस तरी पडूं नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं मराठी विश्वकोशाचें कार्य आपल्याच गांवीं उभें राहिलें, आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. वनस्पतींवरील त्यांतील नोंदींत इतर भाषांतील व लॅटिन नांवें आरंभींच दिलेलीं असतात. हे खंड आतां इंटरनेटवरही वाचावयास मिळतात. जातींबद्दल म्हणाल तर सांगलीजवळ कसबे डिग्रज येथें महात्मा फुले कृषि विद्यापीठाची हळद संशोधन योजना आहे. तिचें नांव व ‘फुले स्वरूपा’ हें तिच्या जातीचें नांव नोंदवून ठेवावें. कंदकुज, कंदमाशी व करपा हे तीन शब्दही पावसाळ्याच्या आधींच नोंदवावे. कंद कुजूं लागल्यावर नोंदवून उपयोग नाहीं.

मुदतीच्या बातम्या

भाव व रोग यांपेक्षांही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेषेंकरून वेधूं इच्छितों. जमिनीसंबंधीं कायद्यांत हरकतीच्या मुदती फार आंखूड असतात. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घेण्याची अधिसूचना निघाल्यावर हरकतीस २१ दिवस मिळतात. सन २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत ही मुदत ६० दिवसांची आहे. पश्चिम घाटांतील संवेदनक्षम क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजीं निघाला. त्यासही ६० दिवसच होते, आणि तो काळ नेमका भांगलणीचा व आडसाली उसाच्या लावणीचा. एखाद्या पिकास भौगोलिक मानांकन मागणारा अर्ज सरकारी पत्रिकेंत प्रसिद्ध झाला, तर विरोध करण्यास तीन महिने मिळतात व फार तर आणखी एक. मुदत संपल्यावर खरी हरकतही ऐकून घेतली जात नाहीं. यासाठीं प्रत्येकानें आपल्या गांवाचें नांव अवतरणचिन्हांत घालून त्यापुढें तालुक्याचें नांव लिहावें, व ‘भूसंपादन’, ‘अधिसूचना’, ‘हरकती’ हे शब्द ‘ऑर’नें जोडून द्यावे. असें टपाल महिनोन्महिने येणार नाहीं; पण ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं तें शंभर टपालांच्या मोलाचें असेल. धोम व बलकवडी या धरणांचीं नांवें ‘आवर्तन’ या शब्दाशीं जोडून ठेवल्यास पाण्याच्या पाळीची चर्चाही कळत राहते.

या सोयीच्या मर्यादा

आतां दोष सांगतों; कारण गुण तेवढे सांगून दोष झांकणारा मनुष्य दलाल ठरतो. पहिली गोष्ट, जें इंटरनेटवर उघड्या पानावर छापलेलें नाहीं तें या यंत्रास दिसत नाहीं. चावडीवर चिकटविलेला कागद, व्हॉट्सॲपवरील निरोप, अडत्यानें कानांत सांगितलेला भाव, यांतलें कांहींच त्याला कळत नाहीं. कित्येक सरकारी कागद छायाचित्रासारखे चढविलेले असतात किंवा जुन्या अक्षरवळणांत टंकलेले असतात. तेही त्याच्या हातून निसटतात. फेरफाराच्या नोटिशी महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या पानावर लागतात, आणि त्यांस हरकतीची मुदत अवघी पंधरा दिवसांची. त्या मात्र प्रत्येकानें स्वतः जाऊन पाहाव्या. आमचा नियम असा कीं, दर पंधरवड्याच्या एकादशीस आपल्या गांवची चावडी उघडावयाचीच.

दुसरें, यंत्र कित्येकदां चुकतें. दोन-दोन आठवडे गप्पही बसतें. टपाल आलें नाहीं म्हणजे बातमी नाहीं, असें कदापि समजूं नये. तिसरें, आलेलें सर्व खरें नसतें. जुनी बातमी नव्या तारखेनें फिरते, आणि भाव चढविण्यासाठीं मुद्दाम उठविलेली आवईही असते. म्हणून भावाची बातमी आली कीं ती राज्य कृषि पणन मंडळाच्या किंवा केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’च्या दैनिक आंकड्यांशीं ताडून पाहावी. ज्या पानावर बँकेचा क्रमांक अगर गुप्त आंकडा मागतात तें तत्काळ मिटवावें. बातमी वाचण्यास तो लागत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बातमी म्हणजे निर्णय नव्हे. सन २०१० मध्यें हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजारांवर गेला. त्या बातम्या वाचून जो तो हळदीच्या मागें लागला, आणि २०१२ च्या आरंभीं भाव चार हजारांच्या आसपास येऊन कोसळला. त्या वेळीं बातमी खरी होती, पण ती सर्वांनींच वाचली होती आणि सर्वांनीं एकच अर्थ लाविला होता. चढत्या भावाची बातमी वाचतांच ‘लावणी वाढवूं’ असें मनांत येतें. त्याच क्षणीं आपल्यासारख्या आणखी किती जणांच्या मनांत हें आलें असेल, याचा विचार करावा. हळद अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावली तर पुढें नऊ महिन्यांनीं निघते. आजच्या भावाची बातमी नऊ महिन्यांनंतरच्या भावाची हमी देत नाहीं.

एक सूचना

शेवटीं एक सूचना करून हा लेख पुरा करतों. एकट्यानें दहा शब्द सांभाळणें जड जातें. पण दहा जणांनीं एकेक शब्द वांटून घेतला तर कोणासच ओझें होत नाहीं. एकानें भाव पाहावा, दुसऱ्यानें रोग, तिसऱ्यानें पाणी, चवथ्यानें भूसंपादन, पांचव्यानें तेलंगणची खबर. दर सोमवारीं, म्हणजे वाईच्या बाजारच्या दिवशीं, त्यांतील कामाच्या चार ओळी सोसायटीच्या फळ्यावर खडूनें लिहाव्या. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांस मोबाईल हाताळतां येत नाहीं त्यांना त्या वाचतां येतील, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना कोणीही वाचून दाखवील. घरांतील शाळकरी मुलामुलींस हें काम दिल्यास तीं आपल्यापेक्षां लवकर शिकतात, आणि आपल्या शेताचा माल कोठें जातो व त्याचें मोल कोण ठरवितो हेंही त्यांस कळूं लागतें.

२०२३ सालीं हातचें गेलें तें आम्हांस परत मिळणार नाहीं. परंतु त्या वर्षापासून आमच्या घरीं सकाळचा चहा आणि हळदीचें टपाल एकाच वेळीं येतात, आणि माल विकावयास काढण्यापूर्वीं आम्ही मागच्या महिन्याचीं सर्व टपालें ओळीनें वाचून पाहतों. एवढ्यानें आम्ही श्रीमंत झालों नाहीं. मात्र आपण कां विकलें आणि कां राखलें, याचें उत्तर आतां आमच्यापाशीं असतें. वाचकांपैकीं ज्यांनीं हा प्रयोग केला असेल किंवा पुढें करतील, त्यांनीं कोणत्या शब्दांस काय पीक आलें तें आम्हांस अवश्य कळवावें. चांगल्या बियाण्याप्रमाणें चांगला शब्दही एकमेकांस देण्याघेण्यानें कमी होत नाहीं.